ग्लॅडिएटर, मांडव आणि हॉलमधला तो खांब: दादरच्या स्लाइड शोचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार स्लाइड दाखवून बोलणाऱ्या मॅडमचा नाही, हॉलचा आहे. हॉलमधल्या त्या खांबाचा म्हणा ना, ज्याच्या मागे मी आणि बाबा सव्वादोन तास मान वाकडी करून बसलो होतो.

कार्यक्रम कसला तर रविवारी सकाळी दादरला एका हॉलमध्ये तिकीट लावून स्लाइड शो, माणशी साडेतीनशे रुपये, त्यात चहा आणि एक वडा. व्हॉट्सअॅपवर जाहिरात फिरत आली होती, "दगडी आखाडे बांधायच्या आधी रोममध्ये ग्लॅडिएटर कुठे लढायचे?" एवढंच लिहिलेलं आणि खाली वेळ. मी सहज बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "कुठे म्हणजे काय, मांडव घालून." झालं, तिकडेच तिकीट काढलं.

बाबांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा गिरगावात मंडप डेकोरेशनचा धंदा, बाबांनी अडतीस वर्षं केला, बांबू, काथ्या, ताडपत्री, मग नंतर नंतर लोखंडी पाइप आणि क्लॅम्प. गुडघे गेल्यापासून चुलतभाऊ बघतो. मी त्यातला नाही, मी बँकेत. पण लहानपणी सुट्टीत मांडवाच्या फळ्यांवर झोपलोय, त्यामुळे अगदीच कोरा पण नाही. बाबांना इतिहास वगैरे काही पडलेलं नसतं, सिनेमा बघताना पण ते मागचा सेट बघतात आणि म्हणतात हा प्लाय आहे, रंग ओला आहे.

मेगाब्लॉक होता, तरी आम्ही वेळेवर पोचलो आणि कार्यक्रम पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला. जागा नंबरवाल्या नाहीत, जो आधी येईल तो आधी बसेल, पण पहिल्या तीन रांगांवर रुमाल आणि पिशव्या टाकून ठेवलेल्या. म्हणून खांब. असो, खांबावर परत येतो.

पहिलीच स्लाइड कोलोसियमची, तोच नेहमीचा फोटो, आणि त्यावर मॅडमनी लाल फुली मारलेली. म्हणाल्या, हे आज विसरायचं. कोलोसियमचं उद्घाटन इ.स. ८० मध्ये झालं आणि रोममध्ये ग्लॅडिएटरांची पहिली नोंदलेली झुंज इ.स.पू. २६४ ची. मधली जवळजवळ साडेतीनशे वर्षं ते लोक काय रस्त्यावर लढत होते का? तर हो, साधारण रस्त्यावरच. मला इथेच धक्का बसला कारण आपल्या डोक्यात ग्लॅडिएटर म्हटलं की तो गोल दगडी खड्डा फिट्ट बसलेला असतो. रोम शहरात पहिला दगडी आखाडा झाला इ.स.पू. २९ मध्ये, म्हणजे पहिल्या झुंजीनंतर २३५ वर्षांनी. आजपासून तेवढं मागे गेलो तर आपण पेशवाईत पोचतो, विचार करा.

पहिली झुंज झाली कुठे, तर गुरांच्या बाजारात. फोरम बोअरियम असं त्या जागेचं नाव, टायबर नदीच्या काठाला. ब्रूटस पेरा नावाचा एक बडा माणूस वारला, त्याच्या दोन मुलांनी बापाच्या अंत्यविधीच्या निमित्ताने तीन जोड्या लढवल्या. फक्त तीन. सहा माणसं, आजूबाजूला बाजाराची मोकळी जागा आणि गोल करून उभे राहिलेले लोक. बास. म्हणजे आपल्याकडे रस्त्यात डोंबाऱ्याचा खेळ सुरू झाला की कसं आपोआप रिंगण होतं, तसंच असणार, हे माझं मत, मॅडमनी तसं म्हटलं नाही. त्यांनी एक शब्द मात्र नीट समजावला, मूनुस. झुंजीच्या कार्यक्रमाला रोमन लोक हा शब्द वापरायचे आणि त्याचा अर्थ कर्तव्य, देणं, गेलेल्या माणसाचं काहीतरी देणं लागतो ते फेडणं. खेळ, म्हणजे लूडी, हा वेगळा प्रकार, तो सरकारी आणि देवाच्या नावाने. मूनुस घरचं. म्हणून कायमच्या जागेची गरजच कुणाला वाटली नाही सुरुवातीला. कोण तेराव्यासाठी हॉल बांधतं?

मग कार्यक्रम बाजारातून उचलून मेन फोरममध्ये आला. आणि आकडे बघा कसे चढतात, मी मोबाइलमध्ये टाइप करून घेतले होते. इ.स.पू. २१६ ला, म्हणजे रोमचा शत्रू हॅनिबलने कॅनीच्या लढाईत रोमन सैन्याची दाणादाण उडवली तेच वर्ष, लेपिडस नावाच्या माणसाच्या तीन मुलांनी २२ जोड्या लढवल्या, तीन दिवस. इ.स.पू. २०० ला लेव्हायनसच्या नावाने २५ जोड्या, चार दिवस. इ.स.पू. १८३ ला लिसिनियस क्रॅससच्या अंत्यविधीला १२० ग्लॅडिएटर. शेजारच्याने २२ केल्या तर आपण २५, हे कुठलंही गाव असो, सेमच.

आता फोरम म्हणजे काय हे मला नीट माहीत नव्हतं. फोरम म्हणजे आपला फोर्ट, क्रॉफर्ड मार्केट आणि आझाद मैदान एकत्र केल्यासारखी जागा, म्हणजे तिथे कोर्ट चालतं, सावकार बसतात, भाषणं होतात, देवळं आहेत, आणि एक दिवस सकाळी उठून बघाल तर मधोमध वाळू पसरलेली आणि माणसं एकमेकांना भोसकतायत. वाळूला लॅटिनमध्ये हारेना, त्यावरूनच अरेना शब्द आला. म्हणजे अरेना ही मुळात बिल्डिंग नाहीच, ती ट्रकभर वाळू आहे. बाबा इथे पहिल्यांदा सरळ बसले. माझ्या कानात म्हणाले, "वाळू टाकणं सोपं, उचलायचे पैसे कुणी देत नाही."

लोक कुठून बघायचे हा भाग सगळ्यात भारी होता आणि मॅडमनी त्याला भरपूर वेळ दिला. फोरमच्या दोन्ही बाजूंना दुकानं होती आणि त्या दुकानांवर पुढे काढलेल्या लाकडी गॅलऱ्या. त्यांना मेनियाना म्हणायचे, मेनियस नावाच्या माणसावरून, त्याने खांबांच्या पुढे तुळया काढून वरची जागा वाढवली म्हणे. गॅलरी पुढे काढून जागा वाढवायची, ही आयडिया आपल्याकडे कुणाला शिकवायची गरज नाही. आणि मी तर चाळीतला, दहीहंडीला आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जे पाहुणे यायचे ते वर्षभर तोंड दाखवायचे नाहीत, आई वैतागून म्हणायची गॅलरीला तिकीट लावा. तर रोममध्ये ते खरंच महत्त्वाचं होतं. कॅटो नावाच्या पुढाऱ्याने इ.स.पू. १८४ मध्ये फोरमजवळ बॅसिलिका पोर्शिया नावाची मोठी सार्वजनिक इमारत बांधायला घेतली, त्यासाठी मेनियसचं घर विकत घेतलं, आणि जुन्या लेखकांनी गोष्ट अशी सांगितलीय की मेनियसने घर विकलं पण एक खांब आपल्याकडे राखून ठेवला, त्यावर फळ्या टाकून स्वतःला आणि पुढच्या पिढ्यांना ग्लॅडिएटर बघता यावेत म्हणून. घर गेलं तरी चालेल पण बघायची जागा सोडणार नाही! मला हा माणूस प्रचंड आवडला. आणि त्या क्षणी माझ्या समोर काय होतं, तर खांब. मेनियसने बघण्यासाठी खांब ठेवला आणि आम्हाला हॉलवाल्याने न बघण्यासाठी दिला, त्याच साडेतीनशे रुपयांत.

व्हिट्रुव्हियस म्हणून रोमन आर्किटेक्ट होता, त्याने लिहून ठेवलंय की ग्रीक लोकांचे चौक चौरस असतात पण इटलीत तसे करू नका, कारण आपल्याकडे वाडवडिलांपासून फोरममध्ये ग्लॅडिएटरचे खेळ होतात. म्हणून चौक लांबट ठेवा, लांबी तीन भाग तर रुंदी दोन भाग, आणि भोवतीच्या खांबांमध्ये अंतर जास्त सोडा म्हणजे लोकांना दिसेल. खांबांमध्ये अंतर जास्त. दोन हजार वर्षांपूर्वी. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी खांबाकडे बघितलं, आम्ही दोघं हसायला लागलो आणि पुढच्या काकूंनी मागे वळून श्शू केलं. आणि अजून एक, तो लंबगोल आकार जो आपण कोलोसियममध्ये बघतो, तो ह्या लांबट चौकात बाकं बसवता बसवताच तयार झाला असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे, मॅडमनी नकाशावर फोरमच्या मोकळ्या जागेत अंडाकृती बसवून दाखवली, आणि पटतं ते. मांडव जागेप्रमाणे वाकतो, बाबा हे कायम सांगतात.

आता बाकं. गॅलऱ्या पुरेनात म्हणून फोरममध्ये लाकडी स्टँड उभे करायला लागले, प्रत्येक कार्यक्रमाला नवीन, संपला की उतरवायचे. म्हणजे बाबा सकाळी पेपर वाचताना बोलले ते शब्दशः खरं निघालं, आणि त्यांनी ते नंतर चार वेळा आठवण करून दिलं. आणि मांडव आला म्हणजे मांडवाचं राजकारण आलंच. गायस ग्रॅकस नावाच्या, गरिबांची बाजू घेणाऱ्या पुढाऱ्याचा किस्सा ऐका, इ.स.पू. १२२ च्या सुमारासचा. फोरममध्ये ग्लॅडिएटरचा कार्यक्रम होता आणि अधिकाऱ्यांनी भोवती स्टँड बांधून ते भाड्याने द्यायला काढले. ग्रॅकस म्हणाला काढा ते, गरीब लोकांना फुकट बघता आलं पाहिजे. कुणी दाद दिली नाही. मग हा आदल्या रात्रीपर्यंत गप्प बसला, रात्री आपल्या सरकारी कामावरचे मजूर घेऊन गेला आणि सगळे स्टँड पाडून टाकले. सकाळी लोक येऊन बघतात तर मैदान मोकळं. पब्लिक खूश, पण बरोबरचे पदाधिकारी भडकले, आणि पुढच्या निवडणुकीत तो पडला तो ह्याच्यामुळेच असं लोक म्हणत होते, म्हणजे मतं भरपूर पडली होती पण जाहीर करताना गडबड केली अशी बोलवा होती. हॉलमध्ये इथे जोरदार टाळ्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. हळूच म्हणाले, "कंत्राटदाराला पैसे मिळाले का त्या रात्रीचे?" मला हे सुचलंच नसतं.

पासचं पण तेच. मुरेना नावाचा पुढारी निवडणुकीला उभा होता, त्याला व्हेस्टा देवीच्या पुजारणींपैकी लिसिनिया नावाच्या नातेवाईक बाईने झुंजी बघायला आपली जागा दिली, आणि त्यावरून कोर्टात बोलणं झालं, सिसेरोला वकिली करताना त्यावर सफाई द्यावी लागली. त्याच वर्षी, इ.स.पू. ६३ ला, सिसेरोनेच कायदा आणला होता की निवडणूक लढवणाऱ्याने आधीची दोन वर्षं ग्लॅडिएटरचे कार्यक्रम द्यायचे नाहीत. म्हणजे बापाचं देणं वगैरे सुरुवातीला होतं, पुढे अंत्यविधी हे निमित्त आणि मतदार हे खरं कारण. कुणाकुणाचे बाप तर कित्येक वर्षांपूर्वी गेलेले असायचे. सीझरने इ.स.पू. ६५ मध्ये ३२० जोड्या आणल्या तेव्हा त्याचा बाप वारून वीस वर्षं झाली होती. आपल्याकडच्या "कै. अमुक तमुक स्मृती चषक"ची आठवण झाली, पुढे बोलत नाही.

पावसाचा किस्सा राहिला, तो सगळ्यात घरचा वाटला. ते १८३ चं क्रॅससचं, १२० ग्लॅडिएटर लढले, मग पूर्ण फोरमभर जेवणाच्या पंगती मांडल्या, आणि आलं वादळ. असं जोरदार की लोकांना फोरममध्ये तंबू ठोकावे लागले. थोड्या वेळात आभाळ मोकळं झालं, तंबू काढले. पण गंमत अशी की एक भविष्य होतं की फोरममध्ये तंबू पडणार, आणि सगळ्यांना वाटत होतं म्हणजे शत्रू शहरात घुसून छावणी टाकणार. तर लोकांनी हुश्श केलं, चला, पावसाच्या तंबूंवर निभावलं. बाबा म्हणाले ताडपत्री आधीच बांधून ठेवायची असते, गुंडाळून, पाऊस आला की नुसती सोडायची, आणि मग एका लग्नाची गोष्ट सांगायला लागले, परत काकूंचं श्शू.

मला एक प्रश्न पडला होता तो मॅडमनी आपणहून घेतला. पाँपेईमध्ये इ.स.पू. ७० च्या सुमाराला दगडी आखाडा उभा होता, मग राजधानीत का नाही? पैसा नव्हता म्हणावं तर तसंही नाही. तर सिनेटच्या, म्हणजे रोमच्या वरिष्ठ सभेच्या, मंडळींना लोक एका जागी आरामात बसलेले आवडायचे नाहीत. इ.स.पू. १५४ च्या सुमाराला एक दगडी थिएटर बांधायला घेतलं होतं ते सिनेटने पाडायला लावलं आणि शहरात व शहरापासून एक मैलापर्यंत बाकं टाकून बसून खेळ बघायलाच बंदी घातली. पहिलं कायमचं दगडी थिएटर पाँपी नावाच्या सेनापतीने बांधलं ते इ.स.पू. ५५ ला. दुसरं कारण मला जास्त पटलं, म्हणजे हे मॅडमच्या बोलण्यातून मी काढलेलं. दगडी आखाडा एकदा बांधला की बांधणाऱ्याचं नाव कायमचं राहतं, पुढचे सगळे त्याच्या नावाखाली कार्यक्रम करणार. तात्पुरत्या मांडवात दरवेळी ज्याचा कार्यक्रम त्याचंच नाव. कोणाला नकोय?

आणि तात्पुरतं म्हणजे साधं असं समजू नका. क्युरिओ म्हणून एक होता, बापाच्या अंत्यविधीच्या निमित्ताने इ.स.पू. ५३ च्या आसपास त्याने जे केलं ते ऐकून बाबांचा चहा हातात गार झाला. दोन प्रचंड लाकडी थिएटरं, अर्धगोल, एकमेकांकडे पाठ करून, आणि दोन्ही खुंट्यांवर फिरणारी. सकाळी दोन्हीकडे वेगवेगळी नाटकं, एकाचा आवाज दुसऱ्याला जाऊ नये म्हणून पाठी. दुपारी दोन्ही गर्रकन फिरवून टोकाला टोक जोडायचं की झाला पूर्ण गोल, मध्ये ग्लॅडिएटर. पहिले काही दिवस गेल्यावर तर काही लोक जागेवर बसलेलेच असताना फिरवलं. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने हे लिहिताना शिव्याच घातल्यात, की जग जिंकणारे रोमन बघा कशावर लटकतायत आणि वर टाळ्या वाजवतायत. शेवटच्या दिवशी खुंट्या झिजल्या, मग फिरवणं बंद करून गोलच ठेवला. बाबांनी ह्यावर एकच शब्द काढला, "ग्रीस." पण नंतर पूर्ण रस्ताभर ते हाताने काहीतरी फिरवून बघत होते.

सीझरने तर मांडववाल्यांची चांदीच केली असणार. अख्ख्या फोरमवर कापड ताणलं, आणि त्याच्या घरापासून सेक्रेड वे नावाच्या रस्त्यावरून थेट कॅपिटॉल टेकडीच्या चढापर्यंत सावली. प्लिनी म्हणतो लोकांना झुंजीपेक्षा हे छत बघून जास्त आश्चर्य वाटलं. बघा, ग्लॅडिएटर एका बाजूला राहिले आणि पब्लिक वर मान करून छत बघतंय, अडतीस वर्षांत बाबांना असं कौतुक एकदाच मिळालंय आणि ते पण नवरदेवाच्या आजोबांकडून. इ.स.पू. ४६ च्या त्या खेळांना एवढी गर्दी लोटली की बाहेरून आलेले लोक रस्त्यावर तंबू टाकून राहिले आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली, त्यात दोन सिनेटर. सीझरने तेव्हा चारही बाजूंनी बाकं असलेला लाकडी आखाडा पण बांधला होता. फोरमच्या फरशीखाली बोगदे सापडलेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाकोमो बोनीने उकरले, वर यायला चौकोनी भोकं आणि खाली माणसं-सामान वर ओढायच्या रहाटांची सोय, ते पण सीझरच्या काळचे धरतात. बाबांनी विचारलं रस्ता खणायची परवानगी कोणी दिली. मी म्हटलं बाबा, तो सीझर होता. ते म्हणाले आमच्याकडून एका खड्ड्याचा दंड घेतात.

मग इ.स.पू. २९ ला स्टॅटिलियस टॉरसने स्वतःच्या पैशाने कॅम्पस मार्टियसच्या मैदानात दगडी आखाडा बांधला, तो इ.स. ६४ च्या मोठ्या आगीत जळाला. हे मॅडमनी दोन मिनिटांत उरकलं, वेळ संपत आला होता. इ.स. ५७ ला नीरोने परत लाकडीच बांधला होता हे पण जाता जाता. म्हणजे दगड आला तरी लाकूड गेलं नव्हतं. हा भाग अजून दहा मिनिटं चालला असता.

शेवटची गोष्ट फिडेनीची. इ.स. २७, रोमपासून जवळच गाव. टायबेरियस बादशहाला खेळांचं वावडं, रोममध्ये कार्यक्रम कमी, म्हणून लोक भुकेले. अटिलियस नावाच्या एका मुक्त झालेल्या गुलामाने तिथे लाकडी आखाडा उभारला, पैसे कमवायला. रोममधून झुंबड गेली, बायका, पोरं, म्हातारे. आणि गच्च भरलेला असताना तो कोसळला. रोमन इतिहास लिहिणारे दोघं, त्यातला टॅसिटस मेलेले आणि जखमी मिळून पन्नास हजार म्हणतो, स्वेटोनियस मेलेलेच वीस हजारांच्या वर सांगतो. आकडे बाजूला ठेवा, टॅसिटसने कारण काय दिलंय ते बघा, पाया पक्क्या जमिनीवर घेतला नव्हता आणि वरच्या लाकडाचे सांधे मजबूत नव्हते. हॉल एकदम शांत.

प्रश्नोत्तरात दोघातिघांनी ते अंगठा वर की खाली वगैरे विचारलं. मग माझ्या शेजारून हात वर. मला घाम फुटला.

"मॅडम, त्या माणसाने कैच्या मारल्या होत्या का?"

मॅडमना कळलं नाही. बाबा उठून उभे राहिले, खांबाच्या बाजूला आले, दोन्ही हात तिरपे एकमेकांवर धरून दाखवले. "उभे वासे आणि आडवे वासे असतात ना, त्यात हे असं तिरकं मारावं लागतं. नाहीतर लोकं एकदम उठून उभी राहिली ना एका बाजूला, की सगळं बाजूला झोपतं. सरळ खाली नाही बसत, झोपतं. उभ्या माणसाचं वजन काही नसतं, उडी मारणाऱ्याचं असतं."

मॅडम म्हणाल्या, "काका, एवढं बारीक कुणी लिहून ठेवलं नाही, सांधे कच्चे होते एवढंच." आणि मग विचारलं, "तुम्ही ह्या व्यवसायात आहात का?" बाबांनी मान हलवली. म्हणाले, "दोनशे वर्षं एवढे मांडव घातले म्हणता, एवढ्या पुढाऱ्यांची नावं सांगितलीत, मांडववाल्याचं नाव एकच सांगितलंत. ज्याचा पडला त्याचं." आणि बसले.

मॅडम दोन सेकंद काही बोलल्याच नाहीत. नंतर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, मी बघितलं, खांबाच्या बाजूने तेवढं दिसत होतं. मग सांगितलं की त्या अपघातानंतर सिनेटने नियम केला, चार लाख सेस्टर्सपेक्षा (हे रोमन नाणं) कमी मालमत्ता असलेल्याने असले कार्यक्रम करायचे नाहीत आणि जमीन तपासून पक्की असल्याशिवाय आखाडा उभा करायचा नाही. अटिलियसला हद्दपार केलं. बाबा पुटपुटले, "म्हणजे फायर ब्रिगेड, पोलीस आणि वॉर्ड ऑफिस."

आता कामाचं. मॅडमना पैकीच्या पैकी, मराठी मस्त, उगाच जड शब्द नाहीत, प्रत्येक गोष्ट कुठल्या लेखकाने सांगितली ते बोलता बोलता सांगतात, आणि जिथे जुन्या लेखकांचंच जुळत नाही तिथे दोन्ही सांगतात, गोलमाल करत नाहीत. फक्त लॅटिन नावं भराभर येतात, स्लाइडवर देवनागरीत लिहिली तर बरं होईल, मी तीन नावं चुकीची टाइप केली होती ती घरी येऊन सुधारली. नकाशाचा कागद वाटला तो इंग्रजीत आणि इतका बारीक की बाबांनी त्याची घडी करून चष्मा पुसला. हॉलबद्दल मात्र राग आहे. माइक दोनदा गेला, एसी फक्त उजव्या बाजूला, रुमाल टाकून अडवलेल्या रांगांबद्दल दारातल्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला अॅडजस्ट करा. साडेतीनशे सगळ्यांचे सारखे घेता तर जागा पण लिहून द्या ना, नाहीतर रात्री येऊन ग्रॅकससारखं काहीतरी करावं लागेल. खांबामागच्या आठ-दहा खुर्च्या विकूच नका, साधी गोष्ट आहे. वडा चांगला होता, गरम होता, चटणी संपली होती.

जाणार असाल तर अर्धा तास आधी जा आणि डावीकडे बसा, डावीकडे खांब नाही. लहान मुलांना न्यायला हरकत नाही, रक्ताचे फोटो वगैरे काही नाही, पण नऊ-दहा वर्षांच्या खालच्यांना कंटाळा येईल. पुढच्या महिन्यात रथांच्या शर्यतींवर आहे म्हणे, बाबांनी बाहेर पडतानाच सांगितलंय दोन तिकिटं काढ.

परत येताना दादर स्टेशनच्या पुलावर बाबा मध्येच थांबले, मला वाटलं गुडघा. तर फोन काढून चुलतभावाला लावला. "परळचं स्टेज झालं का? कैच्या बघितल्यास का स्वतः, का पोरांवर सोडलंस?" पलीकडून तो एवढ्या मोठ्याने ओरडला की मला पण ऐकू आलं, "काका, आज रविवार आहे!"

"मग जाऊन बघ," म्हणाले, आणि फोन ठेवला.